एकसष्ट पाकिटांवरची नावे

भैय्यालाल गजभिये यांनी करडीच्या टपाल कार्यालयात पोस्टमास्तर म्हणून छत्तीस वर्षे काढली, आणि त्या छत्तीस वर्षांत अंदाजाने एकही पत्र कोणाच्या दारात टाकले नाही. पत्ता अपुरा असेल तर ते पाकीट हातात घेऊन चार घरे विचारत फिरत, आणि तरीही खात्री पटली नाही तर पाकीट परत पाठवत. चुकीच्या दारी पडलेले पत्र हरवलेल्या पत्राहून वाईट, असे त्यांचे मत होते, आणि ते मत ते कोणाशीही, कितीही वेळ वाद घालून सिद्ध करायला तयार असत.

निवृत्तीनंतर त्यांनी रोवण्याची गाणी गोळा करायचे ठरवले. धानाची रोपे चिखलात लावताना बाया जी गाणी म्हणतात ती. दोन हंगाम ते बांध्याबांध्यांवरून, धानाच्या वाफ्यावाफ्यांतून फिरले, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या बायांपुढे फोन धरून बसले, आणि एकसष्ट बायांच्या आवाजांतली एकसष्ट गाणी त्यांनी जमवली. त्यापूर्वी काही वर्षे कोणी शहरातली माणसे येऊन गाणी घेऊन गेली होती. पुढे ती कुठेशी ऐकू आली तेव्हा त्यांवर गाणारीचे नाव नव्हते. नुसते 'पारंपरिक' असे होते. बाया ते विसरल्या नव्हत्या. भैय्यालाल ज्या ज्या अंगणात गेले तिथे गाण्याआधी एकच प्रश्न आला, "नाव कोनाचं लावशीन, बाबू?" आणि त्यांनी प्रत्येक अंगणात एकच उत्तर दिले, "तुमचंच. पूर्ण."

हे 'पूर्ण' त्यांनी शब्दशः पाळले. गाण्याच्या आधी नाव विचारले तर पंचाईत होई, कारण बाई आपले नाव सांगे, पण नवऱ्याचे नाव तोंडून काढेना. मग हसणे, लाजणे, शेजारणीला खुणावणे, आणि यात गाण्याचा सूर निघून जाई. म्हणून त्यांनी रीत बसवली की आधी गाणे, मग फोनातली ध्वनिमुद्रणाची कळ बंद, आणि त्यानंतर सून किंवा शेजारीण यांच्याकडून नाव. ते नाव ते फाइलीलाच देत. आणि जन्मभर पाकिटे हाताळलेला माणूस जसे देईल तसे देत. 'गोदावरीबाई भ्र. गोमाजी कापगते, तलावाजवळ, मु. पो. करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा', आणि शेवटी पिनकोड. 'भ्र.' म्हणजे भ्रतार. सातबाऱ्यावर लिहितात तसा. वहीत निराळी नोंद त्यांनी केली नाही. पाकिटावर पत्ता असताना तो वहीत कशाला, असे त्यांना वाटले.

मे महिन्यात त्यांनी ती एकसष्ट गाणी एकसष्ट ईमेलांनी साकोलीच्या झाडीपट्टी लोकगीत संग्रहाला पाठवली. प्रत्येक ईमेलीत मजकूर तेवढाच, 'सोबत एक गाणे जोडले आहे. पोच द्यावी.' फोन गाण्यांनी तुडुंब भरला होता. म्हणून पोच आल्यावर त्यांनी फोनातली गाणी पुसली, आणि पाठवलेल्या पत्रांचा कप्पाही रिकामा केला. रवाना झालेल्या टपालाची प्रत कार्यालयात ठेवायची नसते. हा नियम त्यांच्या हाडीमाशी इतका भिनलेला होता की तो मोडण्याचा विचारही त्यांच्या मनात आला नाही.

जुलैच्या शेवटी संग्रहाच्या सूचीचे काम पाहणारे मनिष कटरे यांचा फोन आला. "काका, गाणी सगळी आली. पन नावं नाही आली."

"म्हणजे काय?"

"सगळ्या फाइलीचं नाव एकच आहे. नोनेम. नोनेम एक, नोनेम दोन, असे एकसष्ट. सोमवारी सूची छापाले जाऊन राहिली. तुमी येऊन जा एकडाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्यालाल निघाले तेव्हा विमलाबाईंनी त्यांच्या पिशवीत डबा टाकला आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून म्हटले, "अजी, एवढं काहून घाबरता? गानी त हायत ना."

"गाणी आहेत," भैय्यालाल म्हणाले. "बाया नाहीत."

साकोलीचे कार्यालय महामार्गालगत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होते. मनिषने त्यांना खुर्ची दिली, कानाला लावायचे यंत्र दिले आणि गाणी एकामागून एक लावली. भैय्यालाल डोळे मिटून ऐकत राहिले. एका गाण्यामागे पाणचक्कीची टकटक होती, म्हणजे ते सिहोऱ्याचे. एकीला दम्याचा त्रास होता, तो श्वासावरून ओळखू आला. एकीच्या कडव्याच्या मध्येच बकरी ओरडली होती आणि ती बकरी त्यांना नीट आठवत होती. दुपारपर्यंत त्यांनी एकोणीस नावे छातीठोक सांगितली. सदतिसावे गाणे लागताच तर ते हसले. "ही रुखमिणीबाई. करडीची. असा आवाज पंचक्रोशीत दुसरा नव्हता." रुखमिणीबाई गेल्या हिवाळ्यात वारल्या होत्या. उरलेल्या बेचाळीस गाण्यांपुढे मात्र त्यांची मान हलली नाही.

"काका, बेचाळीसवर 'अज्ञात' टाकून देऊ," मनिष म्हणाला. "नाही त तुमी अंदाजानं लावा. तुमाले नावं त माहीत आहेत. कोन तपासाले येऊन राहिलं?"

"जिचं नाव आहे ते येईल ना तपासाले."

"त्यातल्या किती त आता नाहीत, काका."

"मग त्यांच्या लेकी येतील. मनिषबाबू, माय मेल्यावर तिचा आवाज ऐकाले लेक आली, आन तिथं दुसऱ्याच बाईचं नाव दिसलं, त तुमी तिले काय सांगान? की मास्तरानं अंदाज केला होता?"

पलीकडच्या टेबलावर संग्रहाची संगणक-व्यवस्था सांभाळणारी रीता लांजेवार इतका वेळ आपले काम करता करता हे ऐकत होती. ती पस्तिशीची, सिहोऱ्याची लेक. बोलणे कमी, पण बोलली की नेमके. तिने खुर्ची वळवली.

"काका, नावं तुमी लिहिली होती ना नक्की?"

"बाई, मी पत्ता न लिहिता पाकीट पाठवीन?"

"मग ते कुठं जाणार नाही. बसा इथं."

ती त्यांना आपल्या पडद्यासमोर घेऊन बसली. त्या एकसष्टांतली मधलीच एक ईमेल तिने उघडली आणि कोपऱ्यातल्या एका यादीतून 'मूळ स्वरूप पाहा' हे वाक्य निवडले. पडदा भरून रोमन अक्षरे, अंक आणि चिन्हे ओतल्यासारखी आली. भैय्यालाल यांना प्रथम ते वारूळ फुटल्यासारखे वाटले. मग त्यांची नजर सवयीने एका ओळीवर थांबली, कारण त्या ओळीत तारीख होती, आणि तारखेपुढे वेळ होती, तास, मिनिट आणि सेकंदासह.

"हे काय आहे, रीताबाई?"

"ईमेल ज्या ज्या मशीनीतून गेली, त्या त्या मशीननं आपलं नाव आन वेळ वरच्या बाजूले लिहून ठेवली. सगळ्यात जुनी ओळ खाली, नवी वर."

"ठसे आहेत हे," भैय्यालाल हळूच म्हणाले.

त्यांनी ते तळापासून वर वाचायला सुरुवात केली. सहा ठसे होते. पहिला त्यांच्या फोनचा, सकाळी नऊ चाळीस. तो आंब्याखालचा ओटा त्यांना आठवला, जिथे उभे राहिले तर करडीत फोनला रेंज मिळते. त्याच्या वेळेपुढे 'अधिक साडेपाच तास' असे होते, आणि दुसऱ्या ठशात वेळेपुढे 'उणे सात तास'. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि बोटे तशीच धरून ते थांबले. ते यंत्र अशा देशात उभे होते जिथे त्या क्षणी आदल्या दिवसाची रात्र चालू होती. करडीच्या आंब्याखालून निघालेले गाणे कालच्या दिवसात जाऊन आजच्या दिवसात परत आले होते. आणि शेवटचा, सहावा ठसा साकोलीचा होता. पहिल्या ठशापासून सहाव्यापर्यंत अकरा सेकंद लागले होते.

भैय्यालाल यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. छत्तीस वर्षे त्यांनी ठसे मारले होते. शाई फिकी पडू नये, तारीख उलटी लागू नये, ठसा तिकिटाबाहेर थोडा यावा म्हणून किती जपले होते. आणि इथे, जिथे कोणी पाहणारे नाही, जिथे हे पान उघडून वाचायचे कोणाच्या मनातही येत नाही, तिथे सहा यंत्रांनी आपापला ठसा सेकंदासकट, न चुकता मारून ठेवला होता. आपल्या जातीचे कोणी आपल्याला अनोळखी मुलुखात भेटावे तसे त्यांना झाले.

"आता नाव," रीता म्हणाली आणि तिने पान खाली सरकवले. "हे पाहा. इथं आहे तुमचं पाकीट."

तिथे देवनागरीचे एक अक्षरही नव्हते. दहा ओळींचा एक ठोकळा होता. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक आकडा, शून्यापासून नऊपर्यंत, आकड्यापुढे चांदणीसारखी खूण, आणि नंतर टक्क्याचे चिन्ह, दोन अक्षरे, टक्क्याचे चिन्ह, दोन अक्षरे, अशी नुसती रांग.

"हे टपाल जेव्हा सुरू झालं ना काका, तेव्हा पाकिटावर रोमन अक्षरं आन आकडेच चालत. नियम अजूनही बहुतेक जागी तोच आहे. म्हणून तुमच्या फोननं तुमच्या प्रत्येक अक्षराले तीन-तीन जोड्यांत फोडलं. मात्राले वेगळ्या तीन. मग ओळ लांब झाली. एका ओळीत तेवढं मावत नाही, त दहा तुकडे केले आन त्याले नंबर टाकले. ही नवी रीत. म्हणजे नवी कसली, पंचवीस वर्षं झाली तिले. आमच्या इथलं मशीन जुन्याच रीतीचं वाचते. त्याले ही चांदणी दिसली, त त्यानं ठरवलं की नाव नाहीच. लोक आमाले 'साँग वन' असं काहीतरी लिहून पाठवतात, म्हणून आजपर्यंत कधी भानगड झाली नाही. एवढा मोठा पत्ता फाइलीले कोनी देत नाही, काका."

"म्हणजे त्यानं नाव फेकलं नाही?"

"फेकलं नाही. वाचता नाही आलं, त जसंच्या तसं ठेवलं."

भैय्यालाल पुढे वाकले. टक्क्यांच्या त्या जंगलात त्यांना काहीतरी ओळखीचे खुणावत होते. ई शून्य, ए चार. परत ई शून्य, ए चार. मध्येच ई शून्य, ए पाच. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि मनिषच्या रद्दी कागदावर जोड्या उतरवायला घेतल्या.

"रीताबाई, पिनकोडाचे पहिले तीन आकडे प्रदेश सांगतात. चार चार एक दिसलं की आमी पुढचं न वाचता समजत होतो की पत्र आपल्याकडचं आहे. हे 'ई शून्य ए चार' तसंच आहे काय? म्हणजे हे नागरी लिपीच्या भागाचं टपाल. आन शेवटचे दोन सांगतात घर कोनतं?"

रीता त्यांच्याकडे पाहतच राहिली. "हो," ती म्हणाली. "तसंच आहे."

तिने त्यांना अक्षरांचा तक्ता उघडून दिला. ते एकेक घर शोधू लागले. नऊ सात: ग. आठ बी, ए पाचच्या गल्लीत: ओकाराची मात्रा. ए सहा: द. बी ई: काना. बी पाच: व. बी शून्य: र. परत ए पाचच्या गल्लीत, आठ शून्य: ईकाराची मात्रा. पेन्सिलीखाली 'गोदावरी' उमटले तेव्हा त्यांचा हात थांबला. कागदावर ते अक्षर त्यांचेच होते, पण लिहून कोणीतरी निराळेच घेत होते. ज्या यंत्रांना 'गोदावरी' म्हणजे नदी की बाई हे ठाऊक नव्हते, ज्यांनी चिखल पाहिला नव्हता, गाणे ऐकले नव्हते, त्यांनी या नावाचा एक कानाही सांडू दिला नव्हता. न समजता इतके जपता येते, हे त्यांना माहीत नव्हते. त्यांच्या मनात आले, समजून आपण तरी याहून जास्त काय जपले?

"एकेक अक्षर असं कराले आठवडा लागन," रीता म्हणाली. "मी दहा ओळींची एक छोटी आज्ञावली लिहितो, ते सगळे एकसष्ट एकदम वाचून देईन."

पूर्व विदर्भातल्या पुष्कळ बायांसारखी रीताही 'लिहितो', 'करतो' असेच बोलत असे. अर्ध्या तासात तिने ते लिहिले, चालवले, आणि पडद्यावर यादी आली. पण यादी पाहून दोघेही हिरमुसले. प्रत्येक नाव जागोजाग फाटलेले होते. 'गोदावर', मग काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह, मग आणखी एक, मग 'बाई'. पुढे 'गोमा', परत प्रश्नचिन्हे. पत्त्यांना जागोजागी कसर लागावी तसे ते दिसत होते.

"म्हणजे वाटेत खराब झालं वाटते," मनिष मागून म्हणाला. "मी म्हणत होतो ना."

रीता ओठ चावत बसली. भैय्यालाल पहिल्या तुकड्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात पेन्सिलीच्या टोकाने मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी विचारले, "तुमी हे तुकडे एकेक करून वाचाले लावले काय?"

"हो. पहिला वाचला, मग दुसरा, मग जोडले."

"पुर्जे जोडल्याबिगर कायले वाचता? तुमच्या कातरीनं ईकाराच्या मात्रेच्या मधातून कापलं आहे. तीन जोड्यांतली एक इकडं राहिली, दोन तिकडं गेल्या. इकडच्या एका जोडीचं अक्षर होत नाही, तिकडच्या दोनचंही होत नाही. एका घरच्या सामानाच्या तीन पेट्या दोन पिशव्यांत पडल्या, त पिशव्या नंबरवारीनं लावा, सारा माल एका जागी ओता, आन मगच वाटा."

रीताने एक क्षण त्यांच्याकडे पाहिले, एक ओळ वर उचलून नेली, एक खाली आणली, आणि परत चालवले.

या वेळी यादी आली ती सलग आली. एकसष्ट नावे, प्रत्येकीचा भ्रतार, वस्ती, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, सहाही आकड्यांचा पिनकोड. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होते. मनिष खुर्ची ओढून जवळ आला आणि नुसता वाचत राहिला. खाली महामार्गावरून ट्रक जात होते आणि त्यांच्या हादऱ्याने खिडकीची काच वाजत होती.

"आता काका, मी हे सरळ सूचीत उतरवतो," रीता म्हणाली.

"थांबा. जिचं पाकीट, तिचंच गाणं आत आहे काय, ते पाहू. माझ्या कानाची एकोणीस नावं कागदावर आहेत. ते पडताळून पाहा."

तिने एकेक ताडून पाहिले. अठरा जुळली. सदतिसाव्या गाण्यापाशी ती थबकली, परत पाहिले, आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. भैय्यालाल ज्या गाण्यावर हसले होते, ज्या आवाजासारखा दुसरा आवाज पंचक्रोशीत नव्हता, त्या गाण्याच्या पाकिटावर नाव होते गोदावरीबाईंचे. रुखमिणीबाई बावन्नाव्या पाकिटावर होत्या. आणि त्या गाण्यापुढे सकाळी भैय्यालाल यांची मान हलली नव्हती.

"मशीन चुकलं असन," मनिष म्हणाला. त्याच्या बोलण्यात आता खोच नव्हती, उलट सांत्वन होते.

"अठरा बरोबर आन एक चूक असं ते करत नाही," रीता म्हणाली.

भैय्यालाल यांनी फोन काढला आणि गोदावरीबाईंच्या घरचा नंबर लावला. सुनेने उचलला, मग आत हाका, मग बराच वेळ नुसती कोंबड्यांची कुरकुर. शेवटी चौऱ्याऐंशी वर्षांचा आवाज आला. "कोन, मास्तर काय रे? बोल, बाबू."

"मावशी, एक गाणं ऐकवतो. कोनाचं आहे ते सांगा."

रीताने सदतिसावे गाणे लावले आणि भैय्यालाल यांनी फोन त्यापुढे धरला. एक कडवे झाले. मग म्हातारी म्हणाली, "माहंच त हाय. त्या दिवशी घसा बसला होता, ते तिसऱ्या ओळीत खाकरली नाही काय मी? काहून, काय झालं?"

"मावशी, मले वाटलं ते रुखमिणीबाईचं आहे. मी त कागदावर लिहूनही दिलं होतं." त्यांनी तिला सारे सांगितले. नावे कशी दिसेनाशी झाली, कशी सापडली, आणि आपल्या कानाने कसे फसवले. काही लपवले नाही.

पलीकडे म्हातारी हसली. आवाज न करता, नुसत्या श्वासाने.

"आमी दोघी एकाच बांधीत शिकलो, बाबू. एकाच बाईच्या मांगं. तिचा आवाज माह्यापेक्षा लय चांगला होता. माहं गानं तिच्या नावावर लागलं असतं, त मले चाललं असतं." मग ती म्हणाली, "पन तिले नसतं चाललं. माहं गानं तिच्या नावावर? वरून उतरून भांडाले आली असती ते तुह्याशी."

भैय्यालाल यांनी फोन ठेवला. मग त्यांनी आपला एकोणीस नावांचा कागद मागून घेतला, त्याची घडी घातली आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकला.

"लिहा, मनिषबाबू," ते म्हणाले. "पाकिटावर आहे तसंच. पूर्ण."